एकशे तेरावी हजेरी

१

शनिवारी दुपारी चार ते सहा मी चोरांची नावं वाचायला जायचे. चोरांची, म्हणजे त्या वहीच्या मते. वहीतला सगळ्यात लहान चोर अकरा दिवसांचा होता.

आयर्लंडातल्या पोर्टलीशहून गाडीने वीस मिनिटांवर एका गावात पोलिसांची जुनी दगडी बरॅक आहे. इथे पोलिसाला गार्ड म्हणतात. काही निवृत्त गार्डांनी मिळून तिथे म्युझियम काढलंय. टोप्या, शिट्ट्या, बेड्या, भिंतीवर मिशाळ साहेबांचे फोटो. सगळं सांभाळतो फिनबार, सदुसष्ट वर्षांचा माजी सार्जंट. इतका सालस माणूस की त्याच्यावर धड चिडताही येत नाही. मी तरी चिडायचे. याच गावचा कुणी साहेब स्वातंत्र्याआधी सोलापूरकडे पोलिसात होता. त्याच्या नातवंडांनी माळ्यावरची ट्रंक म्युझियमला दिली आणि तिच्यात एक मराठी वही निघाली. फिनबारने आमच्या मराठी मंडळाला मेल केली, मंडळाने फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. तिथे पिकनिकला मिसळ की पावभाजी हे युद्ध चालू होतं, त्यात तो फोटो वाहून गेला. मी मात्र हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून तो मोठा करून बघत राहिले. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, हजेरी बुक, गुन्हेगार जमाती वसाहत.

माझं आडनाव पवार. मंडळात कुणी विचारतं, कुठले पवार? मी म्हणते सोलापूरकडचे, आणि विषय बदलते. आम्ही पारधी. इंग्रजांनी कायदा करून आमची अख्खी जात जन्मतः गुन्हेगार ठरवली, काटेरी तारेच्या आत कोंडली आणि सकाळ-संध्याकाळ रांगेत उभं करून हजेरी घेतली. मी डॉक्टर आहे, पंधरा वर्षं इथल्या लोकांची हृदयं तपासतेय, तरी 'कुठले पवार' म्हटलं की माझी जीभ अडखळते. याचा राग मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा माझाच जास्त येतो.

फिनबारला जूनमध्ये सलोख्याचा कार्यक्रम करायचा होता. अंगणात सगळी नावं मोठ्याने वाचायची, एक मिनिट शांत उभं राहायचं, मग चहा आणि स्कोन, म्हणजे इथले गोडसर पाव. मी नावं वाचायची आणि त्याने कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, असं ठरलं.

एक गोष्ट मी माझ्यापुरती ठरवली होती. यातलं अवाक्षर आबांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आबा माझे वडील, सत्त्याऐंशी वर्षांचे, आई गेल्यापासून माझ्याकडे असतात. जन्म तसल्याच एका वसाहतीतला, एवढं मला माहीत होतं. कुठली, ते बाहेर कसे पडले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे ते झेडपीच्या शाळेत मास्तर झाले. छत्तीस वर्षं शिकवलं, पण वर्गात एकदाही हजेरी पुकारली नाही. पोरांकडे नजर फिरवायचे आणि कॅटलॉग भरून टाकायचे. त्यासाठी मेमो खाल्ले, इन्क्रिमेंट घालवलं, पण नाव पुकारलं नाही. अशा माणसाच्या डोक्यावर या वयात ही वही आपटायची नव्हती. वहीत मी रघुनाथ पवार शोधत होते. ते नाव नव्हतं, म्हणून जरा हायसं वाटत होतं.

पहिल्या शनिवारी साठ नावं झाली. निघताना मी सहज शेवटचं पान उघडलं. फेब्रुवारी एकोणीसशे सत्तेचाळीस, संध्याकाळ. अंगठेच अंगठे, जांभळ्या शाईचे. वही मिटली तर माझा अंगठा जांभळा झाला होता.

मी फिनबारला म्हटलं, शाई ओली आहे. तो हसून म्हणाला, जवळजवळ ऐंशी वर्षांनी? मग मीच स्वतःला समजावलं. स्टँप-पॅडच्या शाईत ग्लिसरीन असतं, ते हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि आयर्लंडात दमटपणाला काय तोटा. घरी साबण, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर सगळं झालं. डाग गेला नाही. दुसऱ्या दिवशी फोन माझ्या अंगठ्याने उघडेना.

२

पुढच्या शनिवारी राहिलेली नावं. सहाला पाच मिनिटं कमी असताना मी शेवटच्या ओळीवर आले. एकशे तेरा. जमादार हरी पवार, वय नऊ.

फिनबारने अर्थ विचारला. मी सांगितलं, जमादार म्हणजे तुमच्यासारखाच, पोलिसातला हुद्दा. आमच्यात ज्याची भीती, त्याचं नाव पोराला ठेवायची रीत होती. कुणी फौजदार, कुणी कलेक्टर. आईला वाटायचं, साहेबाचं नाव घेऊन फिरणाऱ्या पोराला साहेब मारणार नाही. फिनबारला ते फार गोड वाटलं. मला त्याच्या गोड वाटण्याची चीड आली.

पण माझं लक्ष रकान्याकडे होतं. त्या संध्याकाळच्या रकान्यात एकशे बारा अंगठे होते. एकशे तेरावा कोरा.

तेवढ्यात खालून, अंगणातून, कुणीतरी मोजायला लागलं. पुरुषाचा आवाज, कंटाळलेला, मराठी. एक. दोन. तीन. मध्ये खडीवर अनवाणी पावलं सरकल्यासारखी खसखस. मी खिडकीत गेले. लख्ख उजेड होता. अंगणात फिनबारची निळी गाडी आणि दोन कुंड्या, बाकी कुणी नाही. आवाज मोजत राहिला. मी काच धरून उभी राहिले, एकशे दहा, एकशे अकरा, एकशे बारा. मग थांबला. एखाद्याने मान वर करून रांगेकडे बघावं तेवढा वेळ गेला. आणि पुन्हा, एक.

फिनबारला मी विचारलं, काही ऐकू येतंय का. तो म्हणाला, पाइप असेल, जुनी इमारत आहे, सगळं ग्रँड आहे, म्हणजे इथल्या भाषेत ठीक. मी मान डोलावली. दोन नाइट ड्युट्या लागोपाठ झाल्या होत्या, झोप नव्हती, मेंदू काहीही ऐकतो. पेशंटला मी हेच सांगितलं असतं. गाडीपर्यंत गेले ती मात्र अंगणाच्या कडेकडेने, भिंतीला घासत. मधून जायला जागा नाही असंच वाटत होतं.

३

आठवडाभर लपवलेला अंगठा आबांनी पाहिला तो त्या रात्री मी वरण वाढताना. चमचा खाली ठेवला. कुठे होतीस, एवढंच विचारलं. खोटं बोलायला गेले आणि जमलं नाही.

माझी मुलगी तन्वी समोर बसली होती. बारा वर्षांची, इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच, तेही पक्क्या आयरिश हेलात. मी तिच्यापुढे केव्हाच हात टेकलेत. आबांनी तिला वर जायला सांगितलं. ती 'ग्रँड सो' म्हणून गेली.

मग आबा बोलले. छत्तीस वर्षं मास्तरकी करून घासलेली त्यांची भाषा त्या रात्रीच्या जेवणावर गळून पडली आणि खालून जुनी निघाली.

"जमादार म्हंजी मीच," ते म्हणाले. "रघुनाथ ह्ये नाव मला सांभाळनाऱ्या मास्तरांनी दिलं."

वसाहतीत नियम असा होता, की मोजणी जुळल्याशिवाय रांग सुटायची नाही. एक माणूस कमी पडला तर बाकी सगळे उभे. म्हातारी, पोटुशी, तापात फणफणलेलं पोर, कुणीही. पोर जन्मलं की दुसऱ्या दिवशी आईबापाच्या खाली त्याचं नाव चढायचं. त्या संध्याकाळी नऊ वर्षांचे आबा गटाराच्या मोरीतून बाहेर निघाले. आईनेच काढलं. पळ म्हणाली, मागं बघू नको. ते उसात लपले आणि तिथून त्यांना मोजणी ऐकू येत राहिली. एकशे बारा, आणि पुन्हा एक. अंधार पडला तरी चालूच होती. मग ते पळाले.

पाच वर्षांनी कायदा गेला तेव्हा ते परत गेले. तारा काढलेल्या, जागा मोकळी. माणसं कुठे गेली ते कुणाला सांगता येईना. आई कधीच सापडली नाही.

"त्यास्नी कवा सोडलं, मला ठावं न्हाई," आबा म्हणाले. "माझ्यापायी उभी हाईत." त्यांनी 'होती' म्हटलं नाही, ते मी ऐकलं.

मग त्यांनी विचारलं, माझं नाव तू मोठ्यानं वाचलंस का. मी हो म्हटलं. ते ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हॉस्पिटलमधून घरी आले तर तन्वी जिन्यात बसली होती. म्हणाली, आबा मागच्या बागेत उभे आहेत, हाक मारली तर ऐकत नाहीत. आबा चपला काढून गवतात उभे होते. हात सरळ मांड्यांना लावलेले, तोंड त्या गावाच्या दिशेला. सहा वाजून चार मिनिटं झाली होती. नऊ वाजेपर्यंत हलले नाहीत. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिले आणि मनात त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

४

मी फिनबारकडे गेले आणि शेवटचं नाव गाळा म्हणून सांगितलं. विनंती नव्हती केली. ट्रॅव्हलर लोकांच्या वतीने कार्यक्रमाच्या समितीवर असलेली नोरा तिथेच चहा पीत होती. ट्रॅव्हलर म्हणजे इथले भटके. पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांवर राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या गार्डांनी त्यांना रस्त्याकडेवरून हाकललं.

फिनबारचा चेहरा पडला. तो म्हणाला, नाव गाळणं म्हणजे इतिहास पुसणं, आणि आपल्याला आता ते करायचं नाहीये. मी म्हटलं, तो माणूस जिवंत आहे, माझा बाप आहे. इथे चुकले. फिनबारचे डोळे भरून आले. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला की मग त्यांनाच कार्यक्रमाला आणा, पहिल्या रांगेत बसवू.

"नऊ वर्षांचा असताना तुम्ही त्याला चोर म्हणून वहीत घातलंत," मी म्हटलं, "आणि आता कार्यक्रमाची शोभा म्हणून परत मागताय?"

तो हळूच म्हणाला की त्याने स्वतः काही लिहिलेलं नाही. खरंच होतं ते. त्याने काहीच केलेलं नव्हतं. अशा लोकांवरच्या रागाचं काय करायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

नोरा मला गाडीपर्यंत सोडायला आली. म्हणाली, यांना चारला माफी हवी असते, कारण पाचला चहा ठेवलेला असतो. मग अंगणाकडे बघत तिने सांगितलं की ती या अंगणातून सरळ चालत नाही. कोण उभं आहे ते तिला माहीत नाही, पण उभं आहे. मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पडले नाही.

वही उचलून पळावी असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. काचेच्या कपाटाला साधं कुलूपही नव्हतं. पण पवारांच्या मुलीने पोलिसांच्या म्युझियममधून चोरी करायची? ऐंशी वर्षांपूर्वी त्यांनी लिहून ठेवलेलं मी स्वतःच्या हाताने खरं करून द्यायचं? मी तशीच घरी आले.

५

कार्यक्रमाच्या दिवशी आबांना घरी ठेवलं आणि तन्वीला बजावलं, दार उघडायचं नाही. मी एकटी गेले, नाव वाचू द्यायचं नाही एवढ्याचसाठी. मी वाचायला नकार दिला म्हणून फिनबार स्वतः वाचणार होता.

साठ-सत्तर माणसं होती. उन्हात कागदी कप घेऊन गप्पा चाललेल्या. फिनबारने वाचायला सुरुवात केली, उच्चारांची पार वाट लावत. दहा-बारा नावं झाली आणि मला दिसायला लागलं की माणसं सरकताहेत. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. बोलता बोलता कुणी अर्धं पाऊल डावीकडे, कुणी खांदा आखडून मागे. प्रत्येक नावाला एकेका माणसाइतकी जागा मोकळी होत होती. पन्नासाव्या नावापर्यंत ते सगळे भिंतींना चिकटले होते आणि मधल्या खडीवर सरळ, मोकळ्या रांगा पडल्या होत्या. त्या रांगांत कुणीही नव्हतं आणि त्यात पाय ठेवायची कुणाची छाती होत नव्हती. नोराने डोळे मिटून घेतले होते.

शंभरी ओलांडली तेव्हा फाटकाशी टॅक्सी थांबली. आबा उतरले. मागून तन्वी, रडवेली. आबांनीच तिला टॅक्सी बोलवायला लावली होती. त्यांनी फाटकात वाकून बूट काढले, मोजे काढले, बुटात नीट कोंबले. मी त्यांच्याकडे धावले ती पुन्हा भिंतीच्या कडेने, आणि त्यामुळेच उशीर झाला.

फिनबारची निळी गाडी कोपऱ्यात उभी होती. जाता जाता तिच्या काचेत मला अंगणाचं प्रतिबिंब दिसलं. फक्त एक क्षण. पहिल्या रांगेच्या टोकाला विटलेल्या हिरव्या लुगड्याचा काठ, भेगाळलेली टाच, आणि कमरेच्या उंचीवर उघडा ठेवलेला एक तळहात. नऊ वर्षांच्या पोराला धरता येईल एवढ्या उंचीवर. शेजारची जागा रिकामी होती.

आबा त्या जागेकडेच चालले होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हेच मला सहन झालं नाही. एवढ्या वर्षांनी आईचा हात मिळतोय म्हणून माणूस चाललाय, आणि तिथे पोचला की तो परत येणार नाही, हे मला माझ्या स्वतःच्या नाडीइतकं स्पष्ट कळत होतं.

फिनबारने वाचलं, जमादार हरी पवार.

आता मी जे केलं ते सांगते. आमच्याकडे कॉलेजात शिकलेल्या कुणीही तेच केलं असतं. मेडिकलला असताना मी मैत्रिणींच्या किती प्रॉक्सी मारल्यात त्याची मोजदाद नाही. मागच्या बाकावरून, मान खाली घालून, आवाज बदलून. तोंडाला सवय होती. आबांचा ओठ हलायच्या आत मी ओरडले.

"हजर!"

अंगणात तो कंटाळलेला आवाज म्हणाला, एकशे तेरा. आणि जरा थांबून म्हणाला, सुट्टी.

खडी वाजली. अनवाणी पावलं, खूप, आधी सावकाश आणि मग पळत, फाटकाकडे. भिंतीला चिकटलेली माणसं एकदम सैल झाली, कुणीतरी खोकलं, कुणी कप खाली ठेवला. आबा फाटकाकडे बघत उभे होते. त्यांचा उजवा हात थोडा उचललेला होता आणि मुठीत काही नव्हतं.

"गेली," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. छत्तीस वर्षं मास्तर असलेल्या माझ्या बापाला तेव्हा मी पहिल्यांदा माझ्यावर चिडलेलं पाहिलं. "हजेरी तू का दिलीस? नाव माझं होतं."

फिनबारने टाळ्या सुरू केल्या. त्याला वाटलं, तो कार्यक्रमाचाच भाग होता.

६

आबा बरे आहेत. शांत झोपतात, जेवतात. सहा वाजता आता बागेत जात नाहीत.

कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी जागी झाले, म्हणजे झोपले नव्हते, पण जागी झाले ती म्युझियमच्या फाटकाशी. पायात काही नव्हतं. गाडी नीट पार्क केलेली होती. हॉस्पिटलमधून कधी निघाले ते आठवेना. फिनबारने दार उघडलं आणि आलात, बरं झालं, म्हणाला. मी सरळ वर गेले आणि वहीचं शेवटचं पान पाहिलं. एकशे तेराव्या ओळीतला कोरा रकाना भरला होता. तो अंगठा माझा होता. जन्मापासून बघतेय, मला ओळखू येतो.

मी पान उलटलं. त्यापुढे पान नव्हतं, मी अनेकदा बघितलं होतं. आता होतं. वर त्याच दिवसाची तारीख. एक, सुमेधा जमादार पवार, वय चव्वेचाळीस. खाली, आईबापाच्या नावाखाली पोराचं चढतं तसं, दोन, तन्वी, वय बारा. माझ्यापुढे ओला अंगठा होता. तिच्यापुढे कोरं.

मी वही कोटाखाली घातली आणि फिनबारला गुड नाइट म्हणून बाहेर पडले. हो, चोरली. लिहून घ्या. पवारांच्या पोरीने पोलिसांच्या घरातून दिवसाढवळ्या चोरली आणि मला त्याची तसूभरही लाज नाही. घरी येऊन ती बागेत जाळायला घेतली. पेट्रोल ओतलं, पूर्ण काड्यापेटी संपवली. ओली असल्यासारखी नुसती धुमसली आणि विझली. मग स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, वरच्या फळीवर डाळींच्या डब्यांमागे कोंबली आणि दाराला दोरी बांधली.

आज मी सुट्टी घेतली. पावणेसहापासून त्या प्रेसला पाठ लावून बसलेय, पाय जमिनीत रोवून. जाणार नाही कुठे. मोजायचं तर इथे येऊन मोज म्हणावं. आबांना वर त्यांच्या खोलीत बसवलंय, तन्वीला हेडफोन लावून सिनेमा लावून दिलाय.

सहा वाजले. पाठीमागे, डाळीच्या डब्यांमागे, तो आवाज घसा साफ करतो.

एक.

मी थांबते. तोही थांबतो, मान वर करून बघत असावा तेवढा वेळ.

एक.

मी दात दाबून धरलेत. कितीही वेळा मोज, मी म्हणते, दोन होणार नाहीत, मी आहे ना इथे. जिन्यावर पावलं वाजतात. हलकी, अनवाणी. तन्वी दारात येऊन उभी राहते, हेडफोन गळ्यात, हात सरळ मांड्यांना लावलेले. ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या डोक्यावरून, प्रेसच्या दाराकडे बघते. बारा वर्षांत जिने मला एका प्रश्नाचं मराठीत उत्तर दिलं नाही, ती माझी मुलगी, मी कधीही न शिकवलेला शब्द स्वच्छ म्हणते.

"हजर."